पहिली बट कोण कापणार

१७ जून

वर तारीख टाकायची असते म्हणे. टाक.

तर लिही. मी सातुर्निना, वाकापुंको गावची. मला अक्षर येत नाही, बोलता येतं, आणि एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही असं माझी सून म्हणते. सून म्हणजे ही बासिलिया, आत्ता हे लिहिते आहे आणि ओठ चावून हसू दाबते आहे. हसू नकोस, लिही.

वही काढायचं कारण सांगते. पुमापाताच्या जुन्या भिंती बघायला जे पाहुणे येतात ते संध्याकाळी पाय बादलीत बुडवून लिहीत बसतात. पानंच्या पानं. दोन दिवस राहतात आणि एवढं लिहितात! मी तर जन्मापासून इथेच आहे, माझ्याजवळ त्यांच्याहून जास्त माल असणार. मागच्या खेपेला एक बाई कोरी वही विसरून गेली. बासिलिया तिची पानं चूल पेटवायला घेणार होती. मी म्हटलं, चुलीला शेण आहे, वही मला दे.

पाहुणे ठेवायचं आमचं हे दुसरंच वर्ष. माझा मुलगा इलारियो ट्रकबरोबर दरीत गेला तेव्हा माझी नात रुफिना हिच्या पोटात होती. मग मेंढ्या कमी झाल्या, बटाट्याची शेतं दोन बायांना आवरेनात. तेव्हा बासिलियाने माझी खोली झाडली, पांढऱ्या मातीने सारवली, गाद्या घातल्या आणि पाहुण्यांना दिली. मी स्वयंपाकघरात गेले, खायला पाळलेल्या गिनीपिगांच्या शेजारी. रात्रभर कुरकुरतात. त्याचं काही वाटत नाही, इलारियोचा बाप याहून मोठ्याने घोरायचा.

पाहुण्यांना खिंडीतून आणतो तो लिओन्सियो, पलीकडच्या पाल्काय गावचा. त्याच्याकडे सामान वाहणारे घोडे आहेत. बायको नाही. चाळिशी दिसायला लागली तरी नाही. शेजारच्या दोमितिलाकडे गरम पाण्याचा नळ आहे, नवं पत्र्याचं छप्पर आहे, तरी तो पाहुणे आमच्याकडेच आणतो. माझ्या सूपसाठी. असलं सूप नळातून येत नाही.

२१ जून

आज मला भिंतींपाशी नेऊन बसवलं. फोटोत त्यांना दगडांपुढे टकळी फिरवणारी म्हातारी लागते. म्हातारी मी आहेच, टकळी घरची.

प्रत्येक पाहुणा त्या दगडांच्या सांध्यात नख घालून बघतो. जात नाही. मग त्याची बायको घालून बघते. आमच्या घराच्या भिंतीत बघा म्हणावं, कोपरापर्यंत हात जाईल. आम्ही मात्र आत शिरताना कोकाच्या पानांवर फुंकर घालून ती दगडाखाली ठेवतो. तिथे राहणारे जुने लोक खरंच गेलेत की नुसते आत बसलेत, कुणी सांगावं.

एका जाड्या गृहस्थाने लिओन्सियोकरवी विचारलं, "हे कुणी बांधलं असं आजींना वाटतं?"

"मी नाही, सांग त्याला. माझी कंबर बघ म्हणावं."

लिओन्सियो बराच वेळ बोलला. सगळ्यांनी माना डोलावल्या, दोघांनी लिहून घेतलं.

"काय सांगितलंस रे?"

"ममा सातु, मी म्हटलं, तुमच्या वाडवडिलांनी बांधलं, चंद्राला विचारून."

"आणि माझी कंबर?"

"ती पण सांगितली. चंद्र उगवतो तेव्हा दुखते म्हणून."

दुपारी बासिलिया खाणं घेऊन वर आली. उकडलेले बटाटे, चीज, हिरव्या मिरचीचं वाटण. वेण्या धुतलेल्या, सणाची टोपी, टोपीवर ताजी फुलं. पाहुण्यांसमोर नीटनेटकं दिसावं हे तिला पटलं, बरं झालं. लिओन्सियो निम्म्या वाटेवर उतरून गेला आणि तिच्या पाठीवरचं गाठोडं घेतलं. हलकंच होतं. सगळा जन्म दुसऱ्यांच्या पिशव्या वाहिल्या की माणूस दिसेल ते ओझं उचलतो.

२७ जून

हिव चांगलं पडलं. आदल्या दिवशी माळावर पसरलेले बटाटे दगडासारखे गोठले, आणि ऊन आल्यावर आम्ही सगळ्या बाया अनवाणी ते तुडवायला उतरलो. पाणी निघून जातं, मग वाळवले की वर्षानुवर्षं टिकतात. पाय बधिर होतात आणि तोंडं सैल सुटतात.

दोमितिला माझ्या शेजारीच तुडवत होती.

"सातु, लिओन्सियोच्या घोड्यांना तुझं अंगण चांगलं पाठ झालंय हो."

"घोड्यांना विचार. मला त्यांची भाषा येत नाही."

"परवा पाहुणे नव्हते, तरी आले होते."

"तहान लागली असेल."

"घोड्यांना?"

बाकीच्या बटाट्यांकडे बघून हसल्या. बासिलिया दूर होती, तिने ऐकलं नाही. ऐकलं नाहीस ना? ती म्हणते नाही.

तेव्हापासून माझं बूड जमिनीला टेकत नाही. टकळी घेते, दोरा तुटतो. दारापर्यंत जाते, कशाला आले ते विसरते. विधवेच्या घरी रोज एक बिनलग्नाचा माणूस येतो, हे गावसभेत गेलं तर पाहुणे दुसऱ्या दारी वळवतील. आणि घोडे गेले की आपण पुन्हा त्या आवरत नसलेल्या शेतांवर.

मग शेण गोळा करताना सुचलं. रुफिनाला चौथं वर्ष लागलंय, तिच्या केसांना अजून कात्री लागलेली नाही, जटा झाल्यात. सांतियागोच्या सणाला जावळ काढू, आणि पहिली बट कापायला लिओन्सियोला बोलवू. पहिली बट कापतो तो पोरीचा धर्मबाप. पोरीच्या आईचा तो कोम्पाद्रे, ती त्याची कोमाद्रे. हे नातं सख्ख्या बहीणभावाहून कडक. त्या दोघांत वेडंवाकडं काही असूच शकत नाही. जे मोडतात त्यांना मेल्यावर मातीही घेत नाही, लामा जनावराचं तोंड घेऊन डोंगरात ओरडत फिरतात. म्हणजे एका कात्रीत दोन कामं. दोमितिलाचं तोंड बंद आणि घोडे जन्मभर आमच्या दारी.

हे सांगितलं आणि बासिलियाचा हात थांबला.

"काय झालं?"

"शाई संपली, आई."

"मग हे कशाने लिहितेस?"

"आली परत." आणि थोड्या वेळाने, "आई, दुसरं कुणी नाही का? मास्तर आहेत."

"मास्तरांकडे घोडे आहेत का?"

४ जुलै

काल खिंड ओलांडून पाल्कायला जाऊन आले. गुडघे अजून तिकडेच आहेत. धर्मबापाला विचारायला पाव, कोकाची पानं आणि दारूची बाटली घेऊन त्याच्या घरी जावं लागतं. निरोप धाडून चालत नाही. आणि विचारलेल्याने नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर पोराचं आयुष्य आखूड होतं, हे कुणालाही माहीत आहे.

लिओन्सियो अंगणात घोड्याच्या खुराला नाल ठोकत होता. मला बघून पळत आला. "ममा! बासिलियाला काही झालं?"

"तिला काय होतंय. बस. मी मागायला आले आहे."

पाव पुढे ठेवला. त्याने टोपी काढली, हातात धरली आणि चेहरा एकदम उजळला. म्हटलं, किती मान वाटला याला! मग मी रुफिनाच्या केसांचं सांगितलं. तो उन्हात उभा होता तरी सावलीत गेल्यासारखा दिसला.

"माझ्याहून मोठा कुणी बघा, ममा. मी साधा घोडेवाला."

"मला घोडेवालाच हवा."

"बासिलियाला विचारलंत?"

"विचारायचं काय? खूश आहे."

"खूश आहे म्हणाली?"

"शाई संपली म्हणाली."

त्याने ठोकून झालेल्या नालावर पुन्हा हातोडी मारली. घोड्याने पाय हलवला तेव्हा कुठे भानावर आला. मी म्हटलं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. मग त्याने पाव दोन्ही हातांनी घेतला. लाजरा आहे बिचारा.

परत आल्यावर बासिलियाला सांगितलं, झालं काम. ती पाणी आणायला गेली. हंडा घरीच राहिला.

९ जुलै

लिओन्सियोने आज सहा पाहुणे आणले आणि सरळ दोमितिलाच्या दारात उतरवले! आमच्या अंगणासमोरून गेला, मान वर न करता. मी भिंतीवरून हाक मारली, "कोम्पाद्रे!" त्याने घोड्याला टाच मारली.

कसली माणसं ही. अजून कात्री लागली नाही तोवर गरम पाण्याच्या नळाला भुलला.

दोमितिला तीनदा आमच्याकडे मीठ मागायला आली. मिठाची गरज नव्हती.

१२ जुलै

सूप खारट. कालचंही खारट. दोन्ही हिनेच केलेलं. म्हटलं, दोमितिलाला द्यायचं मीठ सगळं यात पडलं का? नेहमी हसते, आज हसली नाही.

जेवण झाल्यावर म्हणाली, "आई, सण झाला की मी कुस्कोला जाते. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात माणूस हवंय."

"आणि रुफिना?"

"न्यायची."

"मग पाहुणे?"

"कोण आणणार पाहुणे?"

मी म्हटलं, जा. कुस्कोत कुणी सूप पिऊन बघितलं की चार दिवसांत परत पाठवतील. मग मी कुंपणापर्यंत गेले आणि आले. पुन्हा गेले. वारा असा सुटलाय की मेंढ्यासुद्धा एका जागी उभ्या राहत नाहीत.

१३ जुलै

आज काही नाही. तारीख तेवढी टाक.

१९ जुलै

लिओन्सियोला आमच्या दारी यावंच लागलं. मारायके नावाची एक पाहुणी वर भिंतींपाशी उंचीने आजारी पडली, ओकून ओकून पांढरी झाली. दोमितिलाकडे जागा नव्हती. तो तिला घोड्यावर घालून घेऊन आला. एवढी उंच बाई की छपराचं गवत तिच्या केसांत अडकलं.

बासिलियाने लगाम धरला, त्याने बाईला उतरवलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. लगाम घेताना हात लागला तर भाजल्यासारखे दोघे मागे सरले. मी काही आंधळी नाही. यांचं भांडण झालंय. कशावरून ते सांगत नाहीत. कोम्पाद्रे व्हायच्या आधीच ही तऱ्हा, तर पुढे कसं व्हायचं? सण होऊ दे, एकदा नातं लागलं की बोलावंच लागतं.

बाईला कोकाचा काढा पाजला, पोटाला गरम राख बांधली. तिच्या सोबतचे पुढे गेले, ती थांबली. तिला आमची भाषा येत नाही, स्पॅनिशही थोडीच. पण रुफिनाशी दिवसभर बडबडते आणि दोघींना सगळं कळतं. लिहिते मात्र ढीगभर. आत्ता मी तिच्यासमोर बसून तुला सांगते आहे आणि ती कौतुकाने बघते आहे. तिला म्हणावं, माझं पान तुझ्यापेक्षा लवकर भरतं.

२७ जुलै

परवा सण झाला. काल तू लिहायला बसली नाहीस, मीही म्हटलं नाही. आज लिही. आणि डोळे पुस, कागद भिजेल.

अंगणात सगळं गाव होतं. मक्याची दारू, आमची चिचा, आंबून छान उतरली होती. मेंढरांच्या कानांत रंगीत लोकर ओवून झाली. मग रुफिनाला पाटावर बसवलं. बासिलियाने तिच्या जटा सोडवून बारीक बारीक बटा बांधल्या होत्या, प्रत्येकीला लाल फीत. पोरगी म्हणत होती, मी कणीस झाले. लिओन्सियो आला. पांढरी अल्पाका मादी घेऊन आला, धर्मबापाने कळपाची सुरुवात द्यायची असते म्हणून. अंगावर नवा पोंचो. चेहरा मात्र प्रेताला खांदा द्यायला आल्यासारखा.

मी कात्री त्याच्या हातात दिली. बासिलिया बट झेलायला फुलांची ताटली घेऊन समोर उभी राहिली.

आता मी जे बघितलं ते सांगते. लिओन्सियोचे हात मला माहीत आहेत. खिंडीत गारा पडत असतात, घोडा उधळत असतो, आणि हे हात पाठीवरच्या ओझ्याची गाठ अशी मारतात की पाल्कायपर्यंत ती सुटत नाही. त्या हातात कात्री थरथरत होती. ती उघडायलाच येईना. आणि ताटलीतली फुलं, वारा पडला होता तरी, नाचत होती. मी ताटलीकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं. मग तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू त्याच्याकडे बघत होतीस. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

सातुर्निना, म्हटलं, तू गाढवीण आहेस. धुतलेल्या वेण्या, हलकं गाठोडं, तहानलेले घोडे, सगळं डोळ्यांदेखत, आणि तू म्हणे सूप!

हे एवढं कळायला वेळ लागला नाही. पुढचंही त्याच क्षणी कळलं. कात्री चालली तर ही कुस्कोला जाणार. नाही चालली तर पाल्कायला जाणार. रुफिना दोन्हीकडे हिच्याबरोबर. माझ्या वाट्याला दोन्ही वेळा गिनीपिग. पण एका वाटेवर ही पडलेला चेहरा घेऊन जाणार आणि दुसऱ्या वाटेवर उजळलेला.

बट दोन पात्यांमध्ये आली होती.

"थांब!" मी ओरडले. "अरे कान कापशील पोरीचा! नाल ठोकणारा माणूस, याला कात्री कुणी दिली?"

"ममा, तुम्हीच..." लिओन्सियो म्हणाला.

"मीच दिली, मीच घेते. हात बघा याचे! चिचा चढलीय सकाळपासून."

तो एक थेंब प्यायला नव्हता. पाव घेतलेल्या धर्मबापाला भर अंगणात उठवायचं, असं या गावात कुणी केलेलं नाही. दोमितिला म्हणाली, "सातु, पोरीचं वाईट करशील. पावाचा मान आहे."

"पाव त्याने परत केला नाही, मी घेतला. नाही तो म्हणाला नाही, मी म्हणाले. काही व्हायचं असेल तर माझ्या आयुष्याचं होऊ दे, तसंही त्यात शिल्लक काय आहे?"

आणि मी कात्री मारायकेच्या हातात खुपसली. ती बिचारी फोटो काढत होती. रुफिनाने तिचं बोट धरलं आणि बट दाखवली. तिने कापली, इतक्या काळजीने की सगळे श्वास रोखून होते. मग ती रडायला लागली. आपण आता या घराच्या जन्मभराच्या नातलग झालो, दर सणाला यावं लागणार, पोरीचं लग्न लावून द्यावं लागणार, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. सावकाश सांगू.

लिओन्सियो घोड्यापाशी उभा होता. मी जवळ गेले. म्हणाला, "ममा, मी काय चुकलो?"

"अल्पाका इथेच बांध. कोणत्या नात्याने ती या घरात येते ते तू ठरव. पण पुन्हा मला मागायला लावू नकोस. आता मागायची पाळी तुझी."

त्याला कळायला माझ्याहून कमी वेळ लागला.

दोमितिलाने रात्रीपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं की सातुर्निनाला चळ लागला. सांगू दे.

१० ऑगस्ट

आला. आपल्या काकाला घेऊन आला, चिचाचा घडा आणि दारूची बाटली घेऊन. आमच्यात सून मागायला आले की आधी दाराबाहेर ताटकळत ठेवायचं आणि शिव्या द्यायच्या. मुलीच्या आईबापांचं ते काम. बासिलियाचे आईबाप नाहीत, म्हणून काम माझं. इतकं आवडीचं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

"कोण आहे?"

"लिओन्सियो, ममा."

"ओळखत नाही. घोड्याचा वास येतोय. घोडं असेल तर गोठ्यात जा."

"मागायला आलोय, ममा."

"काय मागायला? मीठ? शेजारी मिळेल."

भिंतीपलीकडून दोमितिला खो खो हसली. ऐकत होतीच.

काका म्हणाला, "तुमची सून आमच्या घराला हवी."

"ही? सूप खारट करते. हंडा न घेता पाणी आणायला जाते. अक्षरं वाकडी काढते. मला कसं कळणार म्हणता, पण वाकडीच असणार."

ऊन कलेपर्यंत उभे ठेवले. मग आत घेतलं. काकाने पेला भरला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. तो पेला मी प्यायले की सून दिली. न पिता खाली ठेवला की नाही. बोलावं लागत नाही, पेलाच बोलतो.

मी पेला घेतला आणि धरून बसले.

लिओन्सियो म्हणाला, "ममा, तुम्हीही पाल्कायला चला."

"आणि भिंतींपुढे कोण बसेल? दगडांना म्हातारीची सवय झालीय."

"मग मी पाहुणे इथेच आणीन. दर खेपेला."

"आणशील. गरम पाण्याचा नळ दिसला की टाच मारशील."

तो लाल झाला. रुफिना माझ्या मांडीवर येऊन बसली, कापलेलं डोकं माझ्या हनुवटीला टोचत होतं. "आजी, पी ना," म्हणाली. तिला वाटलं तिच्या पाळीसाठी पेला अडलाय. बासिलिया चुलीपाशी पाठ करून उभी होती. चूल विझली होती तरी फुंकत होती. काका घसा खाकरत होता. बाहेर वारा पत्रे वाजवत होता, दोमितिलाचे, नवे. पाल्काय खिंडीपलीकडे आहे. माझे गुडघे एका वर्षात एकदाच खिंड चढतात, आणि यंदाची चढण मी चुकीच्या मागणीसाठी वापरून टाकली.

काय गं, हात का थांबला? शाई संपली म्हणू नकोस, ते एकदा झालं. सगळे तिकडे झोपलेत, इथे आपण दोघीच आहोत, आणि पुढे काय झालं ते तू बघितलंयस. तरी माझ्या तोंडून लिही.

लिही, प्यायले. एका दमात नाही. पण तळ दिसेपर्यंत प्यायले.